डे लिलीचं बोंड धरत नाही, धरलेलं गळतं: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

आधी लक्षणं नीट बघून घ्या. "गळलं" या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या तक्रारी येतात, आणि चारींचं कारण वेगळं असतं.

पहिली तक्रार: सकाळी पराग लावला, दुसऱ्या दिवशी फूल मऊ होऊन लोंबलं, आणि दोन ते चार दिवसांत ते सुकलेलं फूल बुडातल्या हिरव्या गाठीसकट अलगद सुटून पडलं. गाठ फुगलीच नाही. याचा अर्थ फळधारणा झालीच नाही. नुसतं फूल कोमेजणं हा दोष नव्हे. डे लिलीचं प्रत्येक फूल एकाच दिवसाचं असतं. हेमेरोकॅलिस हे तिचं शास्त्रीय नावसुद्धा ग्रीकमधल्या 'दिवस' आणि 'सौंदर्य' या दोन शब्दांवरून आलंय.

दुसरी: फूल गळालं, पण हिरवी गाठ दांड्यावर राहिली, हरभऱ्याएवढी झाली, आणि आठ-पंधरा दिवसांनी पिवळी पडून गळाली.

तिसरी: बोंड पूर्ण वाढलं, वाळून उकललं, पण आत काहीच नाही, नाहीतर फोलपटासारख्या चपट्या बिया. चांगलं बी काळं, गोलसर, चकचकीत आणि टणक असतं.

चौथी: हिरवं बोंडच काळं, मऊ आणि ओलं झालं.

माझ्याकडे विचारायला येणाऱ्या बहुतेकांची तक्रार पहिली असते. आमचा भाग बुलडाणा जिल्ह्यातला, देऊळगाव राजाच्या बाजूचा. इथे गावोगावी शेडनेटमध्ये बियाण्याचे प्लॉट असतात आणि आम्हा बायकांचे हात क्रॉसिंगला सरावलेले असतात: संध्याकाळी मादीच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, सकाळी नराचं पोलन, म्हणजे पराग, लावायचं. टोमॅटो-मिरचीच्या प्लॉटवर मी वर्षानुवर्षं हेच केलं. म्हणून अंगणात पहिल्यांदा डे लिली फुलली तेव्हा वाटलं, हे तर केवढं मोठं फूल, केवढे ठसठशीत पुंकेसर, हे सोपं असणार. पहिल्या उन्हाळ्यात चाळीसेक फुलं क्रॉस केली, एक बोंड मिळालं. त्यानंतर माझ्या आणि इतरांच्या अंगणात हाच प्रश्न इतक्यांदा सोडवला आहे, की तपासण्यांचा क्रम ठरूनच गेला. फुकटच्या तपासण्या आधी, पैशाच्या नंतर.

ही डे लिलीच आहे ना, आणि कोणती?

हे विचारायला संकोच वाटतो, पण इथेच बरेच प्रश्न संपतात. आपल्याकडच्या नर्सरीत 'लिली' या नावाखाली रेन लिली, स्पायडर लिली, फुटबॉल लिली, ॲमरिलिस सगळं मिळतं. यांचा डे लिलीशी संकर होत नाही. ज्याला खरी लिली म्हणतात त्या लिलियमशीही होत नाही, कारण कूळच वेगळं आहे. बुडाजवळची माती बोटाने बाजूला करा. कांदा लागला तर ती डे लिली नाही. डे लिलीला जाड, मांसल मुळं असतात, काहींना शतावरीसारख्या गाठी असतात, आणि पानं पंख्यासारखी दोन बाजूंनी उलगडलेली असतात.

डे लिली आहे, पण फूल तांबूस नारंगी, जुन्या बागांमध्ये दिसणारं, पट्टा बांधावर आपोआप पसरत जाणारा असेल तर थांबा. हा बहुधा फुल्वा या जातीचा 'यूरोपा' वाण असतो. त्याचंच दुहेरी पाकळ्यांचं भावंड म्हणजे 'क्वान्सो'. साध्या डे लिलीत गुणसूत्रं २२ असतात, यांच्यात ३३. गुणसूत्रांच्या जोड्या लागतात तेव्हा परागकण आणि बीजांड नीट तयार होतात. तीन-तीनच्या गटात वाटणी समान होत नाही, म्हणून बी धरत नाही. झाड मुळांनी पसरतं, बियांनी नाही. न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात आर्लो बर्डेट स्टाउट या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून डे लिलीच्या संकराचं पायाभूत काम केलं. त्यांनीही या यूरोपावर वर्षानुवर्षं परागीकरण केलं आणि हाती मोजक्याच बिया आल्या. त्यांच्याकडे आख्खं उद्यान होतं, आपल्याकडे अंगणातले पाच दांडे. असं झाड मादी म्हणून निवडलं असेल तर पुढच्या तपासण्या करत बसू नका, मादी बदला.

वेळ आणि हात

फुलाच्या मधोमध सहा पुंकेसर असतात आणि त्यांच्याही पुढे वर वळलेली एक लांब काडी असते. पराग लावायचा तो या काडीच्या अगदी टोकाला, तिथल्या बारीकशा चकाकत्या जागेवर. काडीच्या बाजूला, मध्यावर किंवा फुलाच्या घशात लावून उपयोग नाही. टोमॅटोच्या सवयीने पुष्कळ जणी फुलाच्या आत बोट फिरवतात. टोमॅटोत सगळं जवळजवळ असतं, म्हणून तिथे चालून जातं.

मग वेळ. पहाटे उमललेल्या फुलाचे परागकोश आधी बंद, गुळगुळीत आणि गडद असतात. थोड्या वेळाने ते उकलतात आणि त्यांच्यावर पिवळा-केशरी, लोकरीसारखा पराग फुलून येतो. बंद परागकोश कितीही घासला तरी काही लागत नाही. आमच्याकडे मार्चमध्ये सात-साडेसातला ते उकलतात, एप्रिलमध्ये त्याहीआधी. नराचा एक पुंकेसर चिमट्याने तोडा आणि त्यालाच कुंचल्यासारखं धरून मादीच्या टोकावर टेकवा. टोक पिवळं झालेलं डोळ्यांना दिसलं पाहिजे. कुंचला वापरू नका, त्यात कालचा पराग अडकून राहतो आणि मग बाप कोण हे सांगता येत नाही.

घाई कशासाठी ते सांगते. परागकण टोकाला चिकटल्यावर त्यातून बारीक नळी निघते आणि ती काडीच्या आतून पार बुडातल्या गाठीपर्यंत जाते. डे लिलीची काडी बोटाएवढी लांब असते आणि फूल जेमतेम एका दिवसाचं. दहा वाजता पराग लावला तर त्या नळीला दिवसही कमी मिळतो आणि ऊनही जास्त लागतं. साडेआठच्या आत काम उरका.

एवढं करून झाल्यावर फूल ओढू नका. दुसऱ्या दिवशी "धरलं का बघू" म्हणून सुकलेलं फूल खेचणाऱ्यांनी कित्येक चांगल्या गाठी तोडल्या आहेत. ते आपणहून गळू द्या.

ओल

परागकणाला पाणी लागलं की तो फुगून फुटतो. आदल्या रात्री पाऊस पडला, पहाटे दव पडलं, घरातल्या कोणी नळीने कुंड्यांवर पाणी उडवलं, फवारणीचा पंप फुलावरून गेला, यातलं काहीही झालं तरी बोंड जातं. फुलोऱ्याच्या दिवसांत पाणी फक्त बुडाशी द्या. पावसाची शक्यता असेल तर आदल्या संध्याकाळी, उद्या उमलेल अशी फुगीर कळी असलेला नर दांडा तोडून घरात पाण्याच्या तांब्यात ठेवा. सकाळी कोरडा पराग मिळतो. लावून झाल्यावर मादीच्या काडीच्या टोकावर ॲल्युमिनियम फॉइलची छोटी टोपी चढवा. कापसाच्या बियाणे प्लॉटवर काम केलेल्यांना हे नवीन वाटणार नाही.

ऊन: आपल्या भागातलं सगळ्यात मोठं कारण

वरचं सगळं बरोबर असूनही पहिली तक्रार कायम असेल तर विदर्भात दहापैकी आठ वेळा उत्तर ऊन हेच असतं. भिंतीवर टांगायचं साधं तापमापक पुरे. फुलांच्या जवळ, सावलीत लावा आणि तीन दिवस सकाळी सात, नऊ आणि दुपारी तीनचा आकडा लिहा. माझ्या वहीतला अनुभव असा: दुपारचं तापमान ३२-३३ पर्यंत असेल तर दहापैकी चार-पाच बोंडं धरतात, ३५ च्या पुढे ती झपाट्याने कमी होतात, आणि ४० गाठलं की फुलं उमलतात, सुंदर दिसतात, पण बोंड जवळजवळ धरत नाही. तापलेला पराग कमजोर होतो, टोकाची चकाकी वाळून जाते, आणि झाड स्वतःचा जीव वाचवायला आधी बोंडं सोडतं.

आता आपलं वेळापत्रक बघा. अकोला, चंद्रपूर, नागपूर, ब्रह्मपुरी ही नावं दर उन्हाळ्यात बातम्यांत असतात. मार्चच्या शेवटीच चाळिशी येते, मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो. इंटरनेटवर डे लिलीबद्दल जे लिहिलेलं सापडतं ते बहुतेक अमेरिकेतलं असतं. तिथे पुष्कळ भागांत ती जून-जुलैत फुलते आणि सकाळ थंड असते. ते वाचून आपण मे महिन्यात परागीकरण केलं तर काय होणार? मागच्या उन्हाळ्यात जावेच्या मुलीचा फोन आला, "काकू, सहा फुलं क्रॉस केली, सहाही गयली. कावून वो?" तारीख विचारली तर नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, चालू होता. तिच्या हाताची काहीच चूक नव्हती. शेडनेटवर दिवसाला शेकड्यांनी कळ्या करणारी पोरगी ती. त्या दिवसांत कोणीही केलं असतं तरी हेच झालं असतं.

यावर चार उपाय आहेत, आणि चारही मी दरवर्षी करते.

होळीच्या आगेमागे येणारे पहिले दांडे वाया घालवू नका. लोक पहिल्या फुलाचे फोटो काढतात आणि क्रॉसिंग "भरपूर फुलं आली की" करू म्हणतात. भरपूर फुलं येतात तेव्हा ऊनही भरपूर झालेलं असतं. पहिल्या पंधरा दिवसांत जेवढं जमेल तेवढं करा.

मादी झाड कुंडीत ठेवा. जमिनीतलं झाड हलवता येत नाही, कुंडी ओसरीत आणता येते. पूर्वेचं कोवळं ऊन मिळेल आणि दहानंतर सावली, अशी जागा लागते. ५० टक्क्यांचं शेडनेट आणि पश्चिमेकडून गोणपाट बांधलं तरी फुलाजवळचं तापमान चार अंशांनी उतरतं, हे मी मोजलं आहे.

पराग साठवा. मार्चमधल्या चांगल्या नराचे उकललेले पुंकेसर कागदावर काढून घरात सावलीला काही तास वाळवा, छोट्या डबीत घाला, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा, डबीवर नाव-तारीख लिहा आणि फ्रीजमध्ये ठेवा. कोरडा राहिला तर काही आठवडे सहज टिकतो, फ्रीझरमध्ये काही महिने. एक काळजी घ्या: डबी बाहेर काढली की गार परागावर हवेतलं पाणी धरतं, म्हणून एकाच मोठ्या डबीऐवजी एकेका दिवसापुरत्या चिमूटभर पुड्या करा. खेड्यात वीज जाते, फ्रीझरमधलं वितळतं आणि पुन्हा गोठतं. त्याने पराग मरतो. भारनियमन जास्त असेल तर फ्रीझरपेक्षा खालचा कप्पा बरा.

चौथा उपाय मला सगळ्यात आवडतो. पुन्हा फुलणाऱ्या जाती निवडा. मृगाच्या पावसाने झाडं सावरतात आणि जुलैच्या शेवटापासून पोळ्यापर्यंत माझ्याकडे दुसऱ्यांदा दांडे येतात. कमी येतात, पण दुपार तिशीच्या आसपास असते. फॉइलच्या टोप्या मात्र सोडायच्या नाहीत. आता माझी निम्मी बोंडं याच दिवसांतली असतात.

झाडाची ताकद

दुसरी तक्रार, म्हणजे हरभऱ्याएवढं होऊन गळणं, असेल तर आधी इकडे बघा. यंदाच लावलेलं किंवा यंदाच फोडलेलं झाड असेल तर त्याच्याकडून बी मागू नका. चार-पाच पंखे, म्हणजे पानांचे झुबके, झालेला पट्टा हवा. एका दांड्यावर दोन, फार तर तीन बोंडं ठेवा. पहिल्या उत्साहात सात फुलं केली आणि सात धरली, तर झाड त्यातली पाच स्वतःच टाकतं, आणि नेमकी हवी ती टाकतं. युरिया देऊ नका, पानं माजतात आणि दांडे कमी येतात.

पाण्याची काळजी सगळ्यात महत्त्वाची. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्या भेगांत मुळं तुटतात. पावसाळ्यात हीच जमीन पाणी धरून बसते आणि बूड कुजतं. म्हणून वितभर उंच वाफा, त्यात मुरूम आणि कुजलेलं शेणखत, आणि वर सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार अंथरा. बोंड भरायला चाळीस ते साठ दिवस लागतात. तेवढे दिवस ओल सारखी राहिली पाहिजे. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी तुडुंब, असं चालत नाही. पानांच्या मागे बारीक जाळी आणि पिवळे ठिपके दिसले तर ती कोळी नावाची कीड आहे. दुपार टळल्यावर पानांच्या मागून पाण्याची धार मारा, पण फुलं उमललेली असताना सकाळी नाही.

चौथी तक्रार, काळं पडलेलं बोंड, ही पावसाळ्यातली आहे. सुकलेलं फूल बोंडाच्या टोकाला चिकटून राहतं, त्यात पाणी साचतं आणि कुज उतरते. फूल पूर्ण वाळल्यावर नखाने हलकेच सोडवा. सुटत नसेल तर राहू द्या.

आई-बाप बदलून बघा

काही झाडं आई म्हणून वांझ असतात पण त्यांचा पराग उत्तम चालतो, काहींचं उलटं असतं. काही जातींचा स्वतःचाच पराग स्वतःला चालत नाही. म्हणून 'अ' वर 'ब' चा पराग तीन-चार चांगल्या सकाळी लावून धरला नाही तर 'ब' वर 'अ' चा लावा. याला एक पैसा लागत नाही, फक्त पुढचं फूल यायची वाट बघावी लागते. वहीत आईचं नाव नेहमी आधी लिहा, मग गुणाकाराचं चिन्ह, मग बाप. हा जगभरचा नियम आहे, आणि पुढे नावनोंदणीला हीच ओळ विचारतात.

गुणसूत्रांचं जमत नसेल तर

वरचं सगळं करूनही शून्य, किंवा तिसरी तक्रार, म्हणजे पोकळ बोंड, असेल तर जोडीच चुकलेली आहे. डे लिलीत दोन मोठे गट आहेत: २२ गुणसूत्रांच्या डिप्लॉइड आणि ४४ च्या टेट्राप्लॉइड. दुसरा गट माणसांनी कोल्चिसिन हे रसायन वापरून तयार केला. त्यांच्या पाकळ्या जाड, रंग गडद, कडा झालरीच्या असतात, म्हणून त्या महाग विकल्या जातात. प्रत्येक गट स्वतःच्या गटातल्या झाडांशी उत्तम चालतो, पण एका गटाचा दुसऱ्याशी संकर जवळजवळ कधीच यशस्वी होत नाही. आणि आपण नेमकं हेच करायला जातो: घरातली साधी, दणकट झाडं आणि बाहेरून मागवलेली झालरवाली.

तरी नुसतं फूल बघून गट खात्रीने ओळखता येत नाही. नर्सरीवाल्याकडून रंगाचं वर्णन नको, जातीचं नोंदलेलं नाव मागा. नाव मिळालं तर डे लिलींच्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत गट फुकट बघता येतो. नाव नसेल तर कसोटीचं एक झाड विकत घ्यावं लागतं. 'स्टेला दे ओरो' ही छोटी पिवळी डे लिली पुष्कळ ठिकाणी मिळते, वॉल्टर जाब्लोन्स्की यांनी १९७५ साली नोंदलेली, आणि ती डिप्लॉइड आहे. तिचा पराग अनोळखी आईवर पाच-सहा गार सकाळी लावा. टणक काळं बी आलं तर आई डिप्लॉइड. नाही आलं तर खात्रीच्या टेट्राप्लॉइडचा लावून बघा. दोन्हींना नाही म्हणाली तर ती यूरोपासारखी तीन गुणसूत्रसंचांची (३३ ची), नाहीतर आई म्हणून वांझ. तिला शोभेसाठी ठेवा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

दोन हंगाम, गार दिवस, ओळखीची जोडी, तरी एकही बोंड नाही, असं झालं तर घरात आणखी प्रयोग करू नका. जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागात जा. त्याच सकाळचे उकललेले परागकोश कागदाच्या पुडीत न्या. ॲसिटोकार्मिन टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की भरलेले परागकण लाल होतात, पोकळ फिकेच राहतात. काम अर्ध्या तासाचं आहे. टेट्राप्लॉइडचे कण आकाराने मोठे असतात, तेही तिथेच कळतं. गुणसूत्रांची नेमकी मोजणी मुळाच्या टोकावरून करतात, ते प्रशिक्षित माणसाचं काम. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी विचारा.

कोल्चिसिन घरी वापरायचं नाही, कोणत्याही कारणाने नाही. ते पेशींची वाटणी रोखणारं विष आहे. आपल्या रानातल्या कळलावीच्या कंदात आणि बियांत तेच असतं. कंद वाटून रोपाच्या कोंबाला लावण्याचा विचार मनात आला तरी सोडून द्या. ज्याच्या घरात लेकरं आहेत त्याने तर तो कंद घरात आणूच नये.

पंखा ओढला की बुडापासून सुटून हातात येतो आणि आंबूस वास येतो, असं असेल तर ती बुडाची कुज आहे. झाड उपटून वेगळं करा आणि कृषी विज्ञान केंद्रातल्या रोगतज्ज्ञाला दाखवा. दुकानातून अंदाजाने बुरशीनाशक आणून ओतू नका. पानांवर बोटाला लागणारी नारंगी पूड दिसली तर तो तांबेरा. तेव्हाही दाखवून घ्या, आणि तोवर कोणालाही फुटवे वाटू नका.

घरात मांजर असेल तर एवढं आणखी: डे लिलीचा कुठलाही भाग, परागसुद्धा, मांजराच्या पोटात गेला तर मूत्रपिंडं निकामी होतात. पराग साठवलेल्या डब्या उघड्या ठेवू नका. मांजराने खाल्ल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या.

बोंड धरल्यावर नावाची घाई

बोंड तपकिरी होऊन टोकाला चिरलं की काढा. जुन्या ओढणीच्या जाळीचा तुकडा आधीच बांधून ठेवला तर बिया सांडत नाहीत. काही जातींच्या बियांना थंडीची गरज असते, म्हणून ओलसर कोकोपीटमध्ये तीन-चार आठवडे फ्रीजमध्ये ठेवून मग पेरा. पेरणी दिवाळीनंतर. फूल यायला साधारण दोन वर्षं, कधी तीन.

आणि इथे दुसरा नेहमीचा घोटाळा होतो, तो आमच्यासारख्या बियाण्याच्या भागातल्या लोकांकडून जास्त. टोमॅटो किंवा मिरचीच्या संकरात आई-बाप दोन्ही पिढ्यानपिढ्या शुद्ध केलेल्या लाइनी असतात, म्हणून त्यांचं सगळं बी एकसारखं निघतं आणि पुड्यावर एकच नाव चालतं. कापसाचंही तसंच, १९७० साली सुरतला तयार झालेल्या एच-४ पासून हेच चालत आलंय. डे लिलीचे आई-बाप स्वतःच कितीतरी पिढ्यांच्या सरमिसळीतून आलेले असतात. एका बोंडातल्या दहा बियांची दहा वेगळी फुलं येतात. म्हणून नाव जोडीला देता येत नाही, बोंडाला देता येत नाही. ते एका रोपाला आणि त्याच्या फुटव्यांना मिळतं. त्या रोपाचं बी पेरून आलेल्या झाडाला तेच नाव लावणं चूक आहे. एका शेजारणीने बोंड दांड्यावर असतानाच नातीचं नाव ठरवलं आणि आलेली अकराही रोपं त्या नावाने वाटली. आज गावात त्या नावाची पिवळी आहे, जांभळट आहे आणि विटकरी आहे. आता ते नाव कोणत्या रोपाचं म्हणायचं, हे सांगता येत नाही. खरं म्हणजे त्या अकरांतलं जांभळट फूल फारच सुरेख आहे. त्या एकालाच नाव मिळायला हवं होतं.

तोवर रोपांना नंबर द्या. माझे नंबर वर्ष, बोंड, रोप असे असतात: २३-४-७ म्हणजे २०२३ च्या चौथ्या बोंडातलं सातवं रोप. पाटी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची करा आणि खिळ्याने कोरा, शाई एका उन्हाळ्यात उडते. दुसरी पाटी कुंडीच्या तळाशी पुरून ठेवा.

जगातल्या डे लिलींच्या नावांची नोंद अमेरिकन हेमेरोकॅलिस सोसायटीकडे होते, जी आता अमेरिकन डेलिली सोसायटी या नावाने ओळखली जाते. १९४६ साली सुरू झालेल्या या संस्थेकडे १९५५ पासून हे अधिकृत काम आहे. नावं नाकारली जाण्याची कारणं ठरलेली आहेत. आधी कोणी वापरलेलं नाव चालत नाही. तीस अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही. १९५९ पासून लॅटिन धाटणीचं नाव देता येत नाही. 'हायब्रिड', 'सुधारित' असे शब्द नावात चालत नाहीत, फुशारकीही चालत नाही. हयात माणसाचं नाव द्यायचं तर त्याची संमती लागते. नोंद रोमन लिपीत होते, म्हणून मराठी नाव देताना स्पेलिंग असं निवडा की परक्या माणसाच्या तोंडूनही ते ओळखू येईल. 'ळ' आणि 'ण' त्यात हरवतात. अर्ज करण्याआधी नोंदवहीत नाव शोधून बघणं फुकट आहे, ते आधी करा.

नाव नोंदलं म्हणजे वाणावर कायदेशीर हक्क मिळाला असं नाही. ती वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडे त्यासाठी २००१ चा वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा आहे, आणि नव्या वाणाची नोंद अधिसूचित पिकांचीच होते. हक्क किंवा विक्रीचा परवाना हवा असेल तर एजंटाला पैसे देण्याआधी कृषी विद्यापीठातल्या माणसाशी बोला.

नाव देण्याआधी रोप किती दिवस बघायचं? मी दोन पूर्ण उन्हाळे बघते: चाळिशीत पाकळ्या वितळतात का, पोळ्यापर्यंत पुन्हा दांडा येतो का, पट्टा फोडल्यावर फुटवे तसेच निघतात का. २३-४-७ चं फूल फिकट आंब्याच्या रंगाचं आहे, घसा हिरवा, आणि एप्रिलच्या दुपारीही त्याच्या कडा सुकल्या नाहीत. त्याचा हा पहिलाच उन्हाळा होता. पाटीवर अजून नंबरच आहे.